जाळीचे तुकडे

१

दुपारी तीनचा चहा, एवढा एकच नियम आमच्या घरात उरला होता. बाकीचे एकेक करून गळाले. अंघोळीची वेळ गळाली, वर्तमानपत्र गळालं, संध्याकाळची फेरी गळाली. पण तीन वाजता मी कप पुढे ठेवला की हे तो दोन्ही हातांनी धरायचे आणि छातीशी न्यायचे, चेंडू अडवल्यासारखे. चहा सांडायचा. मी सांडू द्यायची. ते धरणं पाहिलं की वाटायचं, माझा नवरा अजून आत कुठेतरी आहे.

सात महिने यांनी मला हाक मारली नव्हती. मारलीच तर 'सिस्टर' म्हणून. हॉस्पिटलात मी एकतीस वर्षं काढली, पण सिस्टर म्हणून नव्हे, तिथल्या धुलाईखान्यात. चादरी, गाऊन, उशांचे अभ्रे. कुठला डाग कशाचा आणि किती दिवसांचा, हे मी लांबून सांगायची. बाकी शिक्षण म्हणाल तर जेमतेम.

लेक रविवारी यायची. एका रविवारी तिने पर्समधून एक फॉर्म काढून टेबलावर ठेवला.

"आई, तिथे चोवीस तास माणूस असतं."

"इथेही आहे की."

"तू अडुसष्ट वर्षांची आहेस."

"हे सांगायला गाडी करून आलीस होय?"

ती हसली नाही. तिचे डोळे खोल गेले होते. तिलाही ते सोपं नव्हतं, मला का कळत नव्हतं? पण मी फॉर्म पालथा केला आणि त्यावर साखरेचा डबा ठेवला.

डॉक्टरांना शेवटचं म्हणून विचारलं. ते म्हणाले, जुन्या वस्तू दाखवून बघा. कधी कधी उपयोग होतो. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस कुठला?

दुसरी एखादी बाई लग्नाचा दिवस म्हणाली असती. मला खरं उत्तर माहीत होतं.

२

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी फुटबॉलच्या अजिंक्यपदाचा जो अंतिम सामना झाला, त्यात हे गोलकीपर होते. लोक यांना 'भिंत' म्हणायचे. सामना तीनला सुरू झाला. एक-एक अशी बरोबरी होती आणि संपायला दोन मिनिटं उरली होती. तेव्हा एक साधा, जमिनीलगतचा चेंडू यांच्या दोन हातांमधून आत गेला.

गोलमागे उत्तरेचा स्टँड होता आणि त्याच्यापुढे तारेचं कुंपण. गोल झाल्याबरोबर वरचे लोक खाली धावले. खालच्यांना जायला जागा नव्हती. कुंपण तुटलं असतं तर बरं झालं असतं. ते तुटलं नाही. अकरा माणसं त्या तारेवर चेंगरून गेली. त्यांत यांचा धाकटा भाऊ होता, एकोणीस वर्षांचा. घरात त्याला बारक्या म्हणायचे.

हे सगळं मला बाहेरच्यांकडून कळलं. यांनी एक अक्षर सांगितलं नाही. यांची माझी ओळख झाली तीच मुळी धुलाईखान्याच्या खिडकीत. हे बारक्याचे कपडे न्यायला आले होते. मी घडी घालून दिले. यांनी विचारलं, "डाग गेले?" मी म्हटलं, "गेले." दुसऱ्या आठवड्यात हे उगाचच परत आले.

लग्नानंतर आमच्या घरात कधी चेंडू आला नाही. लेकीसाठीसुद्धा नाही. एकदाच, नव्या नवलाईत, मी सामन्याबद्दल विचारलं. हे ताटावरून उठले आणि रात्रभर आले नाहीत. पुन्हा मी तो विषय काढला नाही.

मग आत्ता कशाला काढला? शहाण्या माणसाने काढला नसता. पण समोर बसलेला नवरा सात महिने 'सिस्टर, माझी बायको कधी येणार?' असं विचारत राहिला, की शहाणपण कुठल्या कुठे जातं.

३

त्या सामन्याच्या वस्तू जमवणारे लोक आहेत, हे मला माहीतच नव्हतं. पहिले भेटले ते एक निवृत्त पोस्टमन. सगळे त्यांना तिकीटमास्तर म्हणत. फाटक्या तिकिटांचे त्यांच्याकडे अल्बम होते. मी कोणाची बायको हे सांगितल्यावर त्यांनी अल्बमची पानं उलटली. मग उत्तर स्टँडचं एक तिकीट काढून माझ्या हातात ठेवलं.

"घेऊन जा, ताई. नाहीतरी हे अल्बममध्ये राहत नाही."

"राहत नाही म्हणजे?"

"म्हणजे… निसटतं. डिंक खराब असेल." आणि घाईघाईने अल्बम मिटला.

तीन वाजता मी ते तिकीट कपाजवळ ठेवलं. यांनी ते उचललं, उलटं केलं, सुलटं केलं.

"उत्तर बाजू," हे म्हणाले. स्वच्छ, जुन्या आवाजात.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

त्यानंतर मला ध्यासच लागला. एका केशकर्तनवाल्याकडून सामन्याची छापील पुस्तिका आणली. पंचांच्या सुनेने शिट्टी दिली. कर्णधाराच्या दंडावरची पट्टी दिली त्याच्या मेहुण्याने, बरणीत घालून ठेवलेली. गंमत म्हणजे कोणी आढेवेढे घेतले नाहीत. जन्मभर जपलेली चीज, आणि देताना माणसं अशी देत होती जशी रांगेत दुसऱ्याचं मूल कडेवरून उतरवून त्याच्या आईकडे द्यावं. मला वाटलं, माझ्या नशिबाने लोक भले भेटताहेत.

हे सुधारत होते. हाताने जेवू लागले. दाढी करू दिली. एक दिवस संघातली अकराच्या अकरा नावं ओळीने म्हणून दाखवली. मी लगेच लेकीला फोन लावला.

"अगं, बाबांनी अकरा नावं सांगितली!"

"तुझं सांगितलं का?"

४

सगळ्यांत दुर्मीळ म्हणजे गोलची जाळी. सामन्यानंतर मैदानाच्या माळ्याने ती कापून काढली आणि तुकडे पांगले. एक बस ड्रायव्हरकडे मिळाला, एक शाळामास्तरांकडे चौकटीत लावलेला. सर्वांत मोठा तुकडा माळ्याच्या विधवा बायकोकडे होता. न्हाणीघरावरच्या पोटमाळ्यावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड दोऱ्याने बांधलेलं.

"धुऊ नका," ती म्हणाली. "मी कधी धुतली नाही. तुम्हीही धुऊ नका."

एकतीस वर्षं धुण्यात घालवलेल्या बाईला हे सांगण्यात काय अर्थ होता? घरी येताच मी ती बादलीत भिजवली.

चव्वेचाळीस वर्षांचा चिखल तपकिरी पडतो, कोरडा होतो, पाण्यात भुकटीसारखा सुटतो. गवताचा जुना डागही तपकिरीच. हे मला कोणी शिकवायला नको. बादलीतलं पाणी हिरवं झालं. सगळ्या न्हाणीघरात नुकत्या कापलेल्या गवताचा वास सुटला. माझ्या बोटाला एक पातं चिकटलं होतं. मी ते दुमडलं. ते मोडलं नाही, वाकलं.

पिशवी बंद होती, हवा लागली नसेल, असं मी स्वतःला समजावलं. पाणी मात्र कोणाचा पाय लागणार नाही अशा ठिकाणी, दूर नेऊन ओतलं.

मग चार दिवस आम्ही दोघं बसून तुकडे जोडत होतो. मी गाठी मारायची आणि हे सांगायचे. "इथे नाही, ही वरच्या कोपऱ्यातली. इथलं सूत ओढलं गेलंय बघा." बोटांना जराही कंप नव्हता. मला अहोजाहो करत होते, परक्या बाईला करावं तसं. पण बोलत होते, शेजारी बसत होते. गाठीवर आमची बोटं एकमेकांना लागत होती. मला तेवढं पुरेसं होतं.

मागच्या खोलीत, जिथे लेक पूर्वी अभ्यास करायची, तिथल्या उत्तरेच्या भिंतीवर यांनी स्वतः आठ खिळे ठोकले आणि जाळी टांगली.

५

दुसऱ्या दिवशी तीन वाजता हे चहाला आले नाहीत.

मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून पाय घासल्याचा आवाज येत होता. चार पावलं डावीकडे, थांबणं, चार पावलं उजवीकडे. मी म्हटलं, फिरताहेत. चांगलं आहे.

पावणेपाचला बाहेर आले तेव्हा यांच्या दोन्ही गुडघ्यांवर चिखल होता.

मी आत जाऊन पाहिलं. खोली दहा बाय दहाची. फरशी कोरडी. खिडकी बंद. आमच्या घरात कुंडीसुद्धा नाही. पायजमा मी थंड पाण्यात बुडवला. डाग तासाभराचा होता. मी कितीही उलटून पाहिला तरी तासाभराचाच होता.

पुढच्या दुपारी मी पक्का बंदोबस्त केला. खोली झाडली, पुसली, खिडकीला दोन्ही कड्या घातल्या. यांना पांढरा, कडक धुतलेला पायजमा दिला. जाळी सोडून बाकी सगळ्या वस्तू पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून खोकं माझ्या पलंगाखाली ठेवलं. शिट्टी तेवढी माझ्या अंगावरच्या झग्याच्या खिशात. हातात घड्याळ घेऊन दाराबाहेर स्टुलावर बसले.

बरोबर तीनला आत शिट्टी वाजली.

मी खिशात हात घातला. शिट्टी होती. मी ती मुठीत आवळून धरली, आणि मुठीत असतानाच आत दुसऱ्यांदा वाजली.

म्हातारपणी कान वाजतात. शेजारी कोणाचा टीव्ही असेल. मी एकेक कारण उचलत होते आणि खाली ठेवत होते. पाऊण तास पावलं वाजत होती. धाप ऐकू येत होती, पण ती एकाहत्तर वर्षांच्या माणसाची नव्हती. नंतर पंधरा मिनिटं शांतता. घटाघटा पाणी पिण्याचा आवाज. खोलीत पाणी नव्हतं. मग पुन्हा पावलं.

चार वाजून त्रेचाळीस मिनिटांनी एक आवाज उठला. मोठ्या दगडी जिन्यावरून पाण्याचा लोंढा खाली यावा तसा. एक सेकंद. की दोन. आणि कापून टाकल्यासारखा बंद.

दार उघडलं. यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. गुडघे हिरवे आणि सोललेले.

"पुन्हा गेला," हे म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी यांना यांचा मोठा दिवस परत दिला होता. विसरण्याने त्या एकाच गोष्टीतून यांची सुटका केली होती, आणि मी घरोघर हिंडून, पदर पसरून, ती गोष्ट तुकड्यातुकड्यांनी गोळा करून आणली होती. आता ती रोज होणार होती.

६

रविवारी लेकीने यांचे पाय धुताना गुडघे पाहिले.

"हे काय आहे?"

"पडले."

"दोन्ही गुडघ्यांवर? रोज?" तिने पायजमा आणखी वर केला. जुन्या खपल्या, नव्या खपल्या. "आई, तू मला का नाही सांगितलंस?"

काय सांगणार होते मी? तिच्या अभ्यासाच्या खोलीत सामना चालतो म्हणून?

तिने साखरेचा डबा बाजूला केला, फॉर्म सुलटा केला आणि उभ्याउभ्याच भरला. सही करून तिने डोळे पुसले. "शुक्रवारी साडेचारला मी गाडी घेऊन येते. बाबांचे चार कपडे काढून ठेव. आई, माझ्याकडे बघ. तू वाईट नाहीस. पण आता बास."

हे शांतपणे तिच्याकडे बघत होते. ती गेल्यावर मला म्हणाले, "सिस्टर, ती मुलगी चांगली आहे. का रडत होती?"

सोमवारपासून मी वस्तू परत करायला निघाले. माळ्याच्या बायकोने दार उघडलं नाही. फटीतून तिची सावली दिसत होती, तरी नाही. बरणीवाल्या मेहुण्याने फोनच उचलला नाही. तिकीटमास्तरांनी मात्र घरात घेतलं, पाणी दिलं, आणि हात जोडले.

"मी नाही घेणार, ताई. शिव्या घाला हवं तर. ते तिकीट गेल्यापासून मला दुपारी जरा डोळा लागतो."

"मास्तर, तुम्हाला माहीत होतं?"

"काय माहीत होतं?" ते माझ्या खांद्यावरून मागे, रिकाम्या जिन्याकडे बघत होते. "मला काही माहीत नाही. कुणालाच नाही. म्हणून तर आपण देऊन टाकतो ना."

गुरुवारी सकाळी मी खोकं आणि जाळी घेऊन हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात गेले. बॉयलरवाला माझ्या वेळचा, जुना माणूस. त्याने काही विचारलं नाही. भट्टीचं दार उघडलं. तिकीट, पुस्तिका, दंडपट्टी, सगळं त्याने आत टाकलं. जाळी आक्रसली, काळी पडली, आणि गाठी एकेक करून सुटत गेल्या. शिट्टी धातूची, ती जळेना. ती त्याने चिमट्याने ओढून हातोड्याने सपाट केली.

"आता?" त्याने विचारलं.

"आता घरी जाते," मी म्हटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला भूक लागली होती.

७

तीन वाजता हे उठले आणि मागच्या खोलीत गेले.

भिंतीवर आठ खिळे होते. बाकी काही नव्हतं. मी दार उघडंच ठेवलं होतं, यांनी ते ओढून घेतलं. शिट्टी वाजली.

मी स्टुलावर बसले. उठले. जप करावा तसे आकडे म्हणत राहिले. चार त्रेचाळीस झाले. लोंढा उठला.

आणि या वेळी थांबला नाही.

रोज तो एक-दोन सेकंदांत तुटायचा. आज तो येतच राहिला, जवळ, आणखी जवळ, आणि मग त्याचा सूर बदलला. आनंदाच्या आरोळीतून दुसरंच काही निघू लागलं. एवढ्या माणसांचा आवाज एकदम बारीक होताना मी कधी ऐकला नव्हता. तारा ताणल्या जाण्याचा आवाज. आणि त्या सगळ्याखाली एक कोवळा, घोगरा आवाज, अगदी साधा, जसा कोणी बाहेरून दार लावून घेतल्यावर हाक मारतं.

"दादा. ए दादा."

मी दार ढकललं.

हे खोलीच्या मधोमध फरशीवर बसले होते. माझ्याकडे तोंड, भिंतीकडे पाठ. चेहरा तळहातांत. मानेवरचे केस काळे होते की काय, हे मी आजही सांगू शकत नाही, कारण मी यांच्याकडे पाहिलंच नाही. मी भिंतीकडे पाहिलं.

भिंतीसमोर बोटं होती.

तार धरल्यासारखी वाकलेली. तार नव्हतीच. हवेत, कमरेच्या उंचीवर, खांद्याच्या, डोक्याच्या उंचीवर, दोन-दोन, चार-चार, पेरं पांढरी पडलेली. नखांखाली माती. त्यांच्यामागे मनगट नाही, हात नाही, आमचा पिवळसर चुना आणि खिळे. काही बोटं सैल पडत होती. ती सैल पडताना मी पाहिली.

"अगं," हे म्हणाले.

नऊ महिन्यांनी. सिस्टर नाही. अगं.

"अगं, तो हाक मारतोय गं. तेव्हाही मारली होती. मला ऐकू आली होती. दहा पावलांवर होता तो. लाज वाटली मला, कुणाला तोंड दाखवायची. मी वळलोच नाही."

यांच्या डोळ्यांत मी होते. पूर्ण. चाळीस वर्षं संसार केलेली बायको. मी काय करायला हवं होतं? दार लावून यांना बाहेर खेचायला हवं होतं, असं आज म्हणता येतं. पण ज्या माणसाने मला इतक्या दिवसांनी ओळखलं, त्याला मी काहीही दिलं असतं.

"मग वळा," मी म्हटलं.

"वळू?"

"वळा."

यांनी मान हलवली, आणि तेवढ्यात लांब शिट्टी वाजली. भिंत नुसती भिंत झाली. खोलीत घामाचा आणि ओल्या लोकरीचा वास होता, आणि तो जायला संध्याकाळ लागली.

हे त्या संध्याकाळी माझ्याशी बोलले. लेकीचं विचारलं, तिचं नाव घेऊन विचारलं. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "उद्या मी वळतो." मी नको म्हटलं नाही.

८

शुक्रवारी मी यांचे कपडे काढून ठेवले नाहीत. बाहेरच्या दाराला आतून कडी घालायची होती, तीही राहिली. मी दुपारपासून मागच्या खोलीतच होते.

तीनला शिट्टी झाली आणि मला फक्त हे दिसत होते. म्हातारे, पायजम्यातले, फरशीवर डावीउजवीकडे सरकणारे, मधेच गुडघ्यांवर कोसळणारे. बाकी खोली रिकामी. आवाज मात्र सगळे. मी कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होते आणि मधूनमधून माझ्या पदराला वारा लागत होता, कोणी अगदी जवळून धावत गेल्यासारखा.

चार त्रेचाळीसला यांचे दोन हात खाली गेले आणि रिकामे वर आले. लोंढा उठला. बोटं आली.

हे वळले.

यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, म्हणूनच मला भीती वाटली. हे सरळ त्या गर्दीत गेले, एकामागून एक बोटं चाचपत, आंधळ्याने ओळख पटवावी तसे. "हा नाही. हा नाही." आणि खाली, कमरेच्या उंचीवर, एक जोडी घट्ट पकडली.

"सापडला! अगं, सापडला बघ! बारक्या, धर, मी ओढतो."

यांनी पाय भिंतीला लावले आणि ओढलं. बोटांमागून मनगट आलं. खरंच आलं. सडपातळ मनगट, शर्टाच्या बाहीचं बटण तुटलेलं. मी 'ओढा!' म्हणून ओरडले. माझ्याच तोंडून ते निघालं.

मग बाकीच्या बोटांनी आपापली तार सोडली.

सगळ्यांनी एकदम. ती यांच्या बाहीकडे वळली. एकाने मनगट धरलं, एकाने कोपर. कोणाचा राग नव्हता त्यात. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो, तितकंच. यांचा हात भिंतीत गेला. भोक नव्हतं, तडा नव्हता. चुन्यापर्यंत बाही होती आणि पुढे नव्हती.

मी यांच्या कमरेला मिठी मारली. "सोडा! अहो, सोडा त्याला!"

"या वेळी नाही," हे दातओठ खात म्हणाले.

एकतीस वर्षं ओल्या चादरी पिळलेले माझे हात आहेत. मी पाठीमागे पूर्ण वजन टाकलं. माझे पाय फरशीवरून सरकत होते. कोपर गेलं. दुसरा हातही यांनी आपणहून आत घातला. आता यांचा गाल चुन्याला टेकला होता, आणि हे भिंतीत कोणाशी तरी हळू, प्रेमाने बोलत होते. मला शब्द लागत नव्हते. शेवटची शिट्टी व्हायला अजून मिनिट होतं की तास, काही कळत नव्हतं. घड्याळ कुठे पडलं होतं कोण जाणे.

बाहेर गाडी थांबली. बेल वाजली. "आई?" मग दार ढकलल्याचा आवाज, चपलांचा आवाज.

"आई, तयारी झाली का बाबांची? आई, हा कसला आवाज—"

लेक दारात उभी राहिली.

मला तिच्याकडे वळून बघता येत नव्हतं. यांचे खांदे भिंतीला भिडले होते, आणि माझी बोटं एकेक करून सुटत होती. मला एवढंच ऐकू आलं, की तिची पर्स खाली पडली आणि किल्ल्या फरशीवर घसरत गेल्या. तिचा श्वास एकदा आत गेला आणि तिथेच राहिला. मला वाटलं, आता ती किंचाळेल. पळेल. पळाली असती तरी मी तिला दोष दिला नसता.

तिने चपला काढून फेकल्या. माझ्या कानाशी तिचा श्वास आला.

"आई," ती म्हणाली, "कुठे धरू?"